काळी चारची बाई, काळी पाचची कॅसेट

मशीनकडून वय कमी करून घ्यायचा मूर्खपणा मी केलेला आहे. तोही स्वतःहून, हट्ट करून. आता नातवंडं मोबाइलवर फोटोतल्या सुरकुत्या पुसतात तेव्हा मी गप्प बसते. बोलणार कुठल्या तोंडानं?

सांगलीतल्या एका कॅसेट कंपनीच्या खोलीत हे घडलं. कंपनी म्हणजे पुढं दुकान, मागं भिंतींना गोणपाट आणि गादी ठोकलेली खोली. पंखा लावला तर आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद. वर्षं नव्वद सालानंतरची. मी चाळिशीला टेकलेली, पण मान्य न करणारी. साताऱ्यात आमची गायन पार्टी होती. मी गायची, आमचे हे ढोलकी वाजवायचे, कुपवाडच्या कारखान्यात शिफ्ट करणारा सुरेश कीबोर्डवर, मागं कोरसला तिघंचौघं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत गावोगाव आमचे कार्यक्रम व्हायचे. जयंती एक दिवसाची असली तरी गावं ती आपापल्या सोयीनं पुढं-मागं करतात, कारण बँड आणि गायन पार्ट्या सगळ्यांना पुरायला हव्यात. त्यामुळं सीझन उन्हाळाभर चालायचा. तोवर लोकांनी मला फक्त स्टेजवर ऐकलं होतं. कॅसेट पहिलीच.

शाळेत निघालेल्या पोरीचं गाणं होतं. ‘वाट सोडा गं बायांनो, लेक माझी शाळेला.’ मी जीव ओतून म्हटलं. कंपनीच्या शेठनी ते परत लावून ऐकलं आणि हनुवटी खाजवली.

“गाणं छान आहे. पण जरा बसल्यासारखं वाटतंय.”

“म्हणजे आवाज म्हातारा वाटतोय?”

“असं मी कुठं म्हणालो, बाई?”

“म्हणाला नाहीत. पण हनुवटी खाजवलीत.”

शेठनी मशीनवरचं एक बटण हळूच फिरवलं. टेप जरा जोरात पळू लागली. आणि काय सांगू, आतून एक कोवळी पोरगी गायला लागली. माझीच लकब, माझेच शब्द, पण गळा असा की नुकती दहावीला बसली असावी. मी खुर्चीवरून उठले.

“आणखी थोडं फिरवा.”

“बाई, पुरे.”

“थोडंसं हो. एवढंसं.”

इथं पट्टी म्हणजे काय ते सांगते. पेटीवर पांढर्‍या आणि काळ्या पट्ट्या असतात. गायक ज्या पट्टीला आपला सा धरतो ती त्याची पट्टी. पायरी म्हणा ना. सगळं गाणं मग त्या पायरीवरून चढत-उतरत जातं. मी काळी चारमध्ये गायची. टेप पळवली की आवाज बारीक होतो, तशी पायरीही वर सरकते. माझं गाणं काळी पाचवर जाऊन बसलं होतं.

सुरेशनं ते ओळखलं. “वैनी, काळी पाच झाली की वं! स्टेजवर हितनंच म्हनावं लागंल.”

“मग म्हणेन. त्यात काय?”

“तुमाला काय अवघड हाय म्हना,” तो म्हणाला. त्याला चहाची घाई झाली होती.

आमच्या ह्यांनी विचारलं, “ही कोन पोरगी गाती?” मी ते कौतुक समजले. त्या वेळची ही कौसल्या अशी होती. तिला आरसा दाखवला तरी ती काचेची तारीफ करायची.

कॅसेट चालली. अशी चालली की मला घरात बसवेना. रिक्षात तीच, माणसं कोंबून नेणार्‍या वडापच्या जीपमध्ये तीच, साताऱ्याच्या स्टँडसमोर रसाच्या गुर्‍हाळावर तीच. सुपार्‍या आल्या. आमच्या धंद्यात कार्यक्रम ठरवण्याला सुपारी म्हणतात, घाबरू नका. वाईकडच्या एका गावात सीझनचा पहिला कार्यक्रम लागला. मी माझ्या नेहमीच्या काळी चारमध्ये गाणं धरलं. पहिलं कडवं संपायच्या आत मागून आवाज आला.

“ही न्हवं! कॅसेटवाली बाई आना!”

“मीच हाय रं कॅसेटवाली,” मी माइकवरून म्हणाले.

“मग कॅसेटवर तुमची लेक गाती व्हय?”

मंडप हसला. कार्यक्रम झाला, पण जाताना आयोजकानं ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, “खरं सांगा, डुप्लिकेट पार्टी न्हवं ना?”

मला ते लागलं. शहाण्या बाईनं दुसर्‍या दिवशी लोकांना खरं सांगून टाकलं असतं. मी सुरेशला सांगितलं, “उद्यापासून काळी पाच.”

काळी पाचवर उभं राहायला मला येत होतं. पण उभं राहणं वेगळं आणि संसार करणं वेगळं. एकाच कार्यक्रमात तेच गाणं लोक पुन्हापुन्हा मागायचे. अंतर्‍यात वर जाताना मी डोळे मिटायची, लोकांना वाटायचं भाव आहे. ती कळ होती. मग ज्येष्ठमध आलं. खडीसाखर, कोमट पाणी, गळ्याला मफलर, तोही एप्रिलच्या उन्हात. दिवसा कुणाशी बोलायचं नाही. पाटीवर लिहून ह्यांना भाजी सांगायची. हे म्हणाले, “लग्नापास्नं पयल्यांदा घरात अशी शांतता हाय.” मी पाटीवर जे लिहिलं ते इथं लिहीत नाही.

झोप लागेना. बसवेना. गल्लीतून माझंच गाणं वाजत गेलं की मी खिडकी लावून घ्यायची. टेपवरच्या त्या बाईला ना सर्दी, ना प्रवास, ना स्वयंपाक. मला तिचा मत्सर वाटायला लागला होता. सवतीचा करावा तसा.

एके दिवशी सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

मिरजेच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. म्हणाले, “स्वरयंत्राच्या पडद्यांवर गाठी आल्यात. हाताला घट्टे पडतात ना, तसेच समजा. व्हॉइस रेस्ट घ्या. गाणं बंद. बोलणं बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही.”

मी पाटीवर लिहिलं, “सीझन आहे.”

“असेल. असंच गायलात तर पुढच्या सीझनला गळाच नसेल. मग काय करणार?”

गाण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. भाकर्‍यासुद्धा धड नाही, ह्यांना विचारा.

आम्ही परतताना सांगलीत शेठकडे गेलो. मी पाटी पुढं केली. शेठनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि हसले.

“एवढंच? बाई, कार्यक्रम कशाला मोडता? डेक न्यायचा, मिक्सरला जोडायचा, कॅसेट लावायची. तुम्ही फक्त ओठ हलवा. लोकांना आवाज हवाय. गळा कुणाला बघायचाय?”

हे म्हणाले, “लोकं काय म्हनतील?”

“लोक म्हणतील, अगदी कॅसेटसारखं गायली!” शेठ म्हणाले. “आणि बाई, घसा बरा झाला की भाग दोन करायचाय. त्याच पोरीच्या आवाजात.”

त्याच पोरीच्या! मला हसू यायला हवं होतं. मी मान डोलावली.

पुढचा कार्यक्रम कुपवाडच्या कामगार वस्तीत होता. सुरेशची स्वतःची वस्ती, मोडता येत नव्हता. बाकीची गाणी कोरसवाले म्हणणार होते. माझं हे एकच गाणं मी डेकवर म्हणणार, म्हणजे डेक म्हणणार होता. संध्याकाळची वेळ. शिफ्ट सुटून माणसं अंघोळी करून आलेली, कडेला लुनांची आणि स्कूटरांची रांग, पुढं सतरंजीवर बायका. सुरेशनं बटण दाबलं. मी हात वर केला, ओठ हलवले. मान कुठं हलवायची, श्वास कुठं घ्यायचा, सगळं बरोबर. नटी झाले असते तर नाव काढलं असतं.

आमच्या कार्यक्रमांत एक रीत आहे. गाणं चालू असताना माणूस स्टेजवर येतो, पाच-दहाची नोट देतो आणि कानात नाव सांगतो. आईचं, बापाचं, गेलेल्या भावाचं. गायकानं तिथंच हात वर करून वाद्यं थांबवायची, ते नाव माइकवर घ्यायचं, आभार मानायचे, आणि तीच ओळ पुन्हा धरायची. लहानपणापासून हातात बसलेली सवय. आणि हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. ना माझ्या, ना ह्यांच्या, ना सुरेशच्या. डेक चालवणार्‍या पार्टीला बक्षीस द्यायला माणूस वर येईल तेव्हा काय?

पुढच्या सतरंजीवरून एक म्हातारी उठली. पदराची गाठ सोडत पायर्‍या चढली. नोट माझ्या हातात दिली आणि कानाशी म्हणाली, “पारूच्या बापाच्या नावानं.”

माझा हात आपोआप वर गेला. हे ढोलकीवर थांबले. सुरेशनं कीबोर्डवरची बोटं उचलली. मी माइकजवळ तोंड नेऊन घोगर्‍या आवाजात विचारलं, “पारूच्या बापाचं नाव काय, आजी?”

आणि माझ्या पाठीमागं मी गातच होते.

‘वाट सोडा गं बायांनो...’

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून एकजण ओरडला, “आरं, बाईच्या पोटात टेप हाय रं!”

मंडप फुटला. सुरेश डेकवर झडप घालायला गेला आणि घाईत भलतंच बटण फिरवलं, ती पोरगी आणखी जोरात गायला लागली. शेवटी त्यानं वायर उपटली. हे ढोलकीची दोरी इतक्या लक्षपूर्वक तपासायला लागले, जणू ती आजच बसवली होती.

मला पळून जावंसं वाटलं. पण म्हातारी पायर्‍यांच्या तोंडाशीच उभी होती, वाट अडली होती. डॉक्टरांची आज्ञा मोडून मी बोलले. “आवाज माझाच आहे. पण टेप पळवलीय. मीच पळवायला लावली, तरुण वाटावं म्हणून. तिच्या मागं पळता पळता घसा सुजलाय. गाता येत नाही.”

“फसावलं की आमाला!” एक तरणा पोरगा उठला. दोघंतिघं त्याच्याबरोबर उठले. बाकीचे कुजबुजायला लागले. आता वस्ती आपल्याला हाकलणार, सुरेशला इथं तोंड दाखवता येणार नाही, आणि ही गोष्ट सकाळपर्यंत साताऱ्याला पोचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात म्हातारीनं माझं कोपर ओढलं. “त्ये काय का असंना. नाव घ्या की आदी.”

“नाव सांगा मग.”

“म्या कसं घिऊ त्यांचं नाव?” ती लाजली. सत्तरीची बाई, नवरा गेलेला, आणि लाजली.

सतरंजीवरून चारपाच बायका एकदम ओरडल्या, “गणपतदादा! गणपतदादा!”

मी माइक धरला. “कालकथित गणपतदादा यांच्या स्मरणार्थ, पारूच्या आईकडून.” आवाज फाटक्या पत्र्यासारखा. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. रीतीप्रमाणं आता ओळ पुन्हा धरायची होती. गाता येत नव्हतं, म्हणून मी ती नुसती बोलले. हातानं ठेका दिला. पुढच्या बायकांना सगळं गाणं पाठ होतं. त्यांनी उचललं. आपल्या गळ्याला झेपेल तसं, जात्यावर म्हणावं तसं खालून. सुरेश कीबोर्डवर चाचपडत राहिला आणि मग मोठ्यानं म्हणाला, “वैनी, काळी दोन हाय ही!” ढोलकी मागून आली.

पुढं तासभर मी नावं घेत होते, ओळ सांगत होते, आणि वस्ती गात होती. तो तरणा पोरगा मात्र निघूनच गेला. त्याला मी दोष देत नाही.

त्यानंतरचे कार्यक्रम मोडले. डॉक्टरांनी कुपवाडची हकिगत ऐकून मला झापलं आणि व्हॉइस रेस्ट पहिल्यापासून मोजायला लावली. पावसाळ्यात वर्षावास, म्हणजे विहारातलं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन, सुरू झाला, तिथं पंधरावीस माणसांपुढं मी पुन्हा तोंड उघडलं. काळी तीनमध्ये. चारवर परत कधी गेले नाही. शेठनी भाग दोन दुसर्‍या एका मुलीकडून काढला. चालला का? माझ्यापेक्षा जास्त चालला, खोटं कशाला बोलू? तिला कुठल्या बटणावर बसवलं होतं, ते विचारायचा धीर मला झाला नाही. पुढं कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली. शेठच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी गुडघे थकेपर्यंत स्टेजवर होते. ‘आजी, टिकायचं कसं?’ असं विचारणार्‍या नव्या मुलींना मी एवढंच सांगते: सर्दी झालेली असताना, जीपमधून उतरल्या उतरल्या जी पट्टी पेलेल, तीच रेकॉर्ड करा. आणि शेठ हनुवटी खाजवायला लागले की बाहेर जाऊन चहा प्या.

कुपवाडला त्या संध्याकाळी आम्ही सामान टेम्पोत भरत होतो. मी कोपर्‍यात तोंड लपवून बसले होते. म्हातारी शोधत आली, टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली आणि म्हणाली:

“गानं काय, आमच्या घरात टेपवर बी हाय. पर ह्यांचं नाव मला घेता येत न्हाई. पुढल्या साली घसा बरा झाला न्हाई तरी ये गं बाई. नाव घ्यायला ये.”