उणे पाच व्होल्ट

आपांचा राग पनवेलच्या अर्ध्या बाजाराने झेलला होता. पंखा ‘आपोआप बंद पडला’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या आपल्या दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवत. “आपोआप काही होत नसतं. काय केलंस ते खरं सांग, मग वर ये.”

नवरा कुवेतला नोकरीला गेल्यावर त्यांनी वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान हाती घेतलं, ते कायमचंच. भिंतभर पत्र्याचे डबे आणि प्रत्येकावर त्यांच्या बारीक अक्षरात आतल्या सुट्या भागांची नावं. डबा जागचा हलवलेला त्यांना खपत नसे.

मी शिकलो त्या शाळेने भंगारात काढलेला जुना कॉम्प्युटर मी घरी आणला होता. आयुष्यातला पहिला प्रोग्राम मी त्याच्यावर लिहिलेला. त्याचा पॉवर सप्लाय जळाला होता. ‘सर्व जुन्या मशीनना चालतो’ असं लिहिलेला एक मी ऑनलाइन मागवला आणि लावण्याआधी आपांना दाखवला. त्यांनी मीटर लावला.

“पाच आहे, बारा आहे. उणे पाच कुठंय?”

“ते लागतंच का?”

“अरे बेटा, या मशीनला ते नसलं तर मेमरीच्या चिपा जळतील! फोन लाव त्या हरामखोराला.”

विकणारा म्हणाला, “मॅडम, लाइट लागतोय ना? मग माल ओके आहे.”

“लाइट तर कबरस्तानातपण लागतो!” आपांनी फोन बंद करून माझ्या अंगावर टाकला आणि डबे उतरवून स्वतःच नवा सप्लाय बांधायला बसल्या.

अर्धा झाला होता. मशीनमध्ये बसतो का ते पाहायला मी तो घरी नेला आणि त्याच आठवड्यात आपा भाचीच्या लग्नाला उरणला गेल्या. दुकानाची इमारत पाडून नवी बांधायची होती, पण मालकाने त्यांना दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोंडी. लग्नाहून परतल्या तर कुलूप तोडलेलं, दुकान रिकामं. डबे टेम्पोत ओतून कधीच गेले होते.

मी मालकाला जाब विचारला. तो म्हणाला, “अहो, भंगारच होतं ना सगळं?” मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. त्यांनी मध्ये पडायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं.

आपा त्या दिवशी ओरडल्या नाहीत. त्याचीच मला भीती वाटली.

त्या उरणला मुलीकडे राहायला गेल्या. दोन महिन्यांनी मी मशीन आणि तो अर्धवट सप्लाय घेऊन तिथे गेलो. त्यांनी हात लावला नाही. मग मीच त्यांच्यासमोर सोल्डर मारायला लागलो.

“हे काय, शेण लिंपतोयस?” त्या कडाडल्या. “काढ ते! परत कर!”

दुपारभर त्यांनी एकेक जोड माझ्याकडून काढून घेतला, परत करवला. शेवटी लग्नाला जातानाही पिशवीत होता म्हणून वाचलेला आपला मीटर काढून लावला, उणे पाच पाहिलं आणि मान हलवली. बटण दाबलं. पडद्यावर कर्सर लुकलुकला. मला रडू फुटलं.

आपांनी मीटरच्या वायरी नीट गुंडाळल्या. “तुझं झालं चालू,” त्या म्हणाल्या. “आता मला माझं दुकान आणून दे.”

मी मशीन आवरायला घेतलं. त्यांनी मीटर माझ्या पिशवीत टाकला आणि मुलीला हाक मारली, “याला जेवायला वाढ. सकाळपासून उपाशी आहे गाढव.”

पुढच्या रमजानआधी आपा गेल्या. नव्या इमारतीच्या बाजूने मी जात नाही. गेलो तर त्या मालकावर हात उचलेन.