पाय काढायचा ठरला

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साखरेचा आजार निघाला तेव्हा ते डॉक्टरांवरच रागावले. जन्मभर गुळाचा चहा प्यालेल्या माणसाच्या अंगात साखर येईल कुठून, असा त्यांचा सवाल होता. हरसूलच्या बाजूला आमची थोडी भातशेती, वरच्या अंगाला नागली. बांधावर पायात काटा मोडला, त्याची जखम झाली, ती चिघळली, आणि अंगठा काळा पडला तेव्हा मी त्यांना एसटीत बसवून नाशिकला आणलं. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. मी शहरात एका कचेरीत टायपिस्ट होते. आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

सरकारी दवाखान्यातल्या त्या वॉर्डात दोन डॉक्टर होते. एक मोठे, ते सकाळी वाऱ्यासारखे यायचे आणि जायचे. दुसरा शिकाऊ, त्याला सगळे छोटे डॉक्टर म्हणायचे. मुंबईत वाढलेला, घरी कानडी बोलणारा, मिसरूड जेमतेम फुटलेला मुलगा. त्याचं मराठी वॉर्डातच शिकलेलं होतं, त्यामुळे 'जीभ दाखवा' आणि 'जुलाब झाले का' एवढं तो झकास बोलायचा. सुया टोचणं, पट्ट्या बदलणं, ही शिकाऊंची कामं, आणि त्यातच आणखी एक काम होतं, ते म्हणजे वाईट बातमी सांगणं. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, हात बसायला हवा तसं तोंडही बसायला हवं.

तोंड बसवण्याचे त्यांचे नियमही होते, ते मला पुढे कळले. पेशंटपुढे 'कापणे' म्हणायचं नाही, तो खाटकाचा शब्द. डॉक्टर काढतो. दात काढतो, टाके काढतो, गाठ काढतो. छोट्याने हे इमानदारीने पाठ केलं होतं.

त्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी डबा घेऊन वॉर्डात गेले, तर आबा खाटेवर टोपी घालून बसलेले. शेजारी धोतराचं गाठोडं. उरलेली केळी त्यांनी पलीकडच्या खाटेवरच्या, देवळाली कॅम्पातल्या शिंप्याला देऊन टाकली होती. मला बघताच म्हणाले, रिकामा डबा घेऊन यायचं, आता इथं कोण जेवतंय. सकाळी छोटे डॉक्टर आले होते. खाटेजवळ बसले, हात हातात घेतला, आणि म्हणाले, बाबा, आता पाय काढायला हवा, जितक्या लवकर तितकं बरं.

आबा तर पहिल्या दिवसापासून त्याच वाटेकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी लगेच सांगितलं, मी कवाचा त्येच म्हणतोय, उद्या काढायचा त्यो आजच काढू. डॉक्टरने विचारलं, भीती नाही ना वाटत? भीती कसली, आबा म्हणाले, हितं ऱ्हायचीच भीती वाटती. त्यावर त्या पोराने उभं राहून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. आबांना वाटलं, शहरात निरोप असाच देत असतील.

मला शंका आली ती शिंप्याच्या तोंडाकडे पाहून. तो केळं हातात धरून बसला होता, सोलत नव्हता. त्याला ठाऊक होतं. सिस्टरला ठाऊक होतं, झाडूवालीला ठाऊक होतं, बहुतेक दारातल्या चहावाल्यालाही असावं. त्या काळी रीतच होती, वाईट बातमी ज्याची त्याला सोडून गावभर करायची.

मी तडक छोट्या डॉक्टरांना गाठलं. ते खुशीत होते. एवढा धीराचा माणूस आपण पाहिला नाही, मोठ्या डॉक्टरांनाही आपण तसं सांगितलंय, असं म्हणाले. मी विचारलं, पाय काढायचा म्हणजे काय करायचं? तर त्यांनी स्वतःच्याच पायावर, गुडघ्याच्या खाली, आडवा हात ठेवला. मला राग आला की माझा आवाज चढतो, तसा तो चढला. आमच्याकडे पाय काढायचा म्हणजे निघून जायचं, सटकायचं, हे मी त्यांना भर व्हरांड्यात समजावून दिलं. त्या मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे ते घरी जायला निघालेत?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, आता काही सांगू नका. गुंगी द्या, काय करायचं ते करा, शुद्धीवर आल्यावर मी बघते. घरचे सगळे असंच म्हणायचे, मीही म्हटलं. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, ते जागे होतील आणि उठून चालायला जातील. तेव्हा सांगायचं का?"

काळं वर सरकत होतं, आणि आबा नाही म्हणाले तर पाय राहील पण आबा राहणार नाहीत, हे मला कळत होतं.

आम्ही दोघं परत गेलो. छोटे डॉक्टर आबांसमोर बसले आणि मोठ्या डॉक्टरांचा नियम बाजूला ठेवून म्हणाले, "बाबा, माझी चूक झाली. घरी नाही सोडत. पाय कापावा लागेल. नाही कापला तर तुम्ही वाचणार नाही." तो शब्द उच्चारताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पायाच्या पट्टीकडे बघितलं. मग विचारलं, "कापल्यावर घरी सोडता ना?"

"सोडतो."

"मग रडतो कशाला लेका. घरी जायाला मी एका पायावर तयार हाय."

शिंपी आधी हसला, मग सिस्टर, मग मी. डॉक्टरला काही कळेना, तो एकेकाचं तोंड बघायला लागला. एका पायावर तयार म्हणजे अगदी आनंदाने तयार, हे शिंप्याने त्याला समजावलं, तेव्हा तोही डोळे पुसत पुसत हसला आणि मोठ्या डॉक्टरांना सांगायला पळाला. आबांना पोराला हसवायचं होतं, ते त्यांनी केलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

तो गेल्यावर आबा आडवे झाले. हसू ओसरलं होतं. म्हणाले, पोरी, पाय दाब जरा. मी विचारलं, कोणता?

"जायाचाय त्यो."

मी तो पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सांभाळत गुडघ्यापासून पोटरीपर्यंत हलके हलके दाबत राहिले. मला रडू आवरेना. आबांचे डोळे मिटलेले होते, त्यांना झोप लागली असं मला वाटलं.

"नीट दाब," ते म्हणाले. "लय चाललाय त्यो."