जित्या बाईच्या दारात बसायला गेलो तेव्हा

आमच्या गटाची पहिलीच केस मास्तरांनी बिघडवली, असं आमचे निवृत्त कंडक्टर अजून सांगत फिरतात. साफ खोटं आहे. आम्ही तिघांनी मिळून बिघडवली.

गट म्हणजे ते कंडक्टर, एक निवृत्त तलाठी आणि मी निवृत्त मास्तर. नंदुरबारात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कुणी लुबाडलं किंवा घरच्यांनीच छळलं, की त्याच्याकडे जायचं, धीर द्यायचा, पोलीस ठाण्यात सोबत करायची, हे आमचं काम. त्याचं प्रशिक्षणही झालं होतं. पुण्याहून आलेल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, की प्रश्न विचारू नका, उपदेश करू नका, नुसतं शांत बसा. तुमचं बसणं हाच त्यांना आधार. उभा जन्म पोरांना ‘गप बसा’ सांगण्यात गेलेला, त्यामुळे मला ते फारच पटलं. वहीत दोनदा अधोरेखित केलं.

पहिली केस मिरचीच्या पथारीवरची. पथारी म्हणजे गावाबाहेर लाल मिरची वाळत घालतात ते मैदान. तिथे देठ खुडणाऱ्या बायकांची एक मुकादम होती, सत्तरी ओलांडलेली, पथारीच्या कडेला एकटीच राहणारी. दमट मिरची ती नुसत्या वासावर पकडायची. व्यापारीही तिला वचकून असत. अशा बाईची गळ्यातली पोत दोन जण ‘पॉलिश करून देतो’ म्हणून घेऊन गेले. पोत हळदीच्या पाण्याच्या डब्यात टाकल्यासारखं केलं आणि डबा तासाभराने उघडा म्हणाले. बाईने इमानदारीत तासभर वाट पाहिली. डब्यात फक्त हळद.

पोत गेली त्याहून जास्त तिला लाजेने खाल्लं. महिनाभर दार बंद. पथारी बंद, तक्रार नाही की काही नाही. सुरतेचा मुलगा येत्या रविवारी तिला कायमचं घेऊन जाणार होता, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत. तिला जायचं नव्हतं, हे शेजारणींनीच आम्हाला सांगितलं. पण ज्या बायकांवर हुकूम चालवला त्यांना तोंड दाखवण्यापेक्षा सुरत बरी, असं तिने मनाशी धरलं होतं. रविवारच्या आत ते दार उघडायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही पोचलो. दार वाजवलं. मी मोठ्या ऐटीत गळ्यातलं ओळखपत्र खिडकीशी धरलं.

आतून आवाज आला, “कार्ड त्यास्नाकडे बी व्हतं.”

म्हणजे त्या पॉलिशवाल्यांकडेही. मग मला वही आठवली. म्हटलं, आता बसायचं. ओट्यावर तिघं ओळीने गप्प बसलो.

आता आमच्याकडे पांढऱ्या कपड्यातली माणसं कुणाच्या ओट्यावर गुमान ओळीने बसली, की त्याचा अर्थ एकच. आमच्या गटाचा सदरा पांढराच होता. तलाठ्यांनी उन्हासाठी डोक्यावर टॉवेल घेतला होता. त्यात पथारीवर मिरची उलथायचं काम चाललेलं आणि वारा नेमका आमच्याकडे. तिघांचेही डोळे आणि नाकं वाहायला लागली. कंडक्टर तर रुमाल तोंडात कोंबून हुंदके दिल्यागत खोकत होते.

रस्त्याने जाणारा एक म्हातारा थांबला, चपला काढून आमच्या शेजारी येऊन बसला. मग आणखी दोघं. बसायला आलेला माणूस ‘कोण गेलं’ असं विचारत नाही, तशी रीतच नाही. मी मनात म्हटलं, बघा, लोक कसे आपण होऊन आधाराला येतात! माझा ऊर भरून आला. कुणीतरी बाजूला जाऊन सुरतेला फोन लावला, तो मला कळलाच नाही.

एवढ्यात मिरची टाकून पथारीवरच्या बायका पळत आल्या, अंगणात बसल्या आणि त्यांनी गळा काढला.

“माय व, आते आमले शिव्या कोन दी व!”

“पोत गयी, नि तिना मांगे तू बी गयी व!”

धाडकन दार उघडलं.

“कोन मरनं?” मुकादमबाई दारात उभी. सगळ्यांनी आमच्याकडे बोट केलं. “मी जित्ती शे! नि तुमी मिरची कोनवर सोडी उन्यात व?”

बायका आधी किंचाळल्या, मग तिच्या गळ्यात पडल्या. पुढच्या घटकेत ती सगळ्यांना चहा करत होती आणि आम्हा तिघांना वगळत होती.

दुपारच्या गाडीने मुलगा आला. रडत आला, आईच्या हातात चहाची किटली पाहून तिथेच मटकन बसला. मग चिडला. “माय, आते बस. आजच चाल.” तिचा चेहरा पुन्हा पडला. किटली ठेवली, पदर ओढला आणि ती आत वळली. हात कडीवर गेला. ते दार आता मिटलं तर पुन्हा उघडणार नाही, एवढं मला कळलं.

प्रशिक्षण गेलं चुलीत. मी म्हटलं, “आक्का, माले बी फसाडेल शे.”

वीज तोडतो म्हणून फोन आला होता, मी घाबरून मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून खात्यातले पैसे घालवून बसलो होतो. बायकोला सांगितलं नव्हतं. गटालाही नाही.

मुकादमबाईने मला नखशिखांत न्याहाळलं. “तुमले? शिकेल मानूसले?”

“हो.”

“मंग तुमी गाव सोडी दिधं का?”

“नही.”

ती मुलाकडे वळली. “आयकं का रे?”

रविवारी मुलगा एकटाच सुरतेला गेला. मी गुरुवारी घरी पोचायच्या आत माझी बातमी बायकोकडे पोचली होती. दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला, फसलो म्हणून नव्हे, लपवलं म्हणून.

सोमवारी मुकादमबाईला घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो, गळ्यात ओळखपत्र घालून. तक्रार लिहिणाऱ्याने विचारलं, “दोघांपैकी फसलेलं कोण आणि सोबत आलेलं कोण?”

मी तिच्याकडे हात करणार, तोच तिने समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“पहिले मास्तरनं लिखा,” ती म्हणाली. “मी त्यास्नासंगे येल शे.”