अखबोरच्या मजुरीचा बोकड

अखबोरचा दिवस पहाटेच्या चांदणीबरोबर सुरू व्हायचा. तंबूवर दव असायचं, शेळ्या अजून रवंथ करत बसलेल्या असायच्या, तेव्हा तो उठून दोरी तपासायचा. डोळ्यांनी नाही, बोटांनी. हातभर झाली की पुढची हातभर. कुठे शेळीच्या केसांचा पीळ सैल लागला तर तो तेवढा भाग उलगडून पुन्हा वळायचा. गाठ मारायचा नाही. गाठ काठावरच्या ओंडक्याला अडकते, आणि खाली माणूस असतो.

हे त्याला इथ्रानने शिकवलं होतं. बैरशेबाच्या बाजूला इथ्रानसारखा विहीर खणणारा दुसरा नव्हता. माती चिमूटभर तोंडात टाकून तो ओल किती खाली आहे ते सांगायचा. दुपारी ऊन उभं पडलं की घटकाभर विहिरीचा तळ उजळतो. तेवढ्या वेळात भिंत सरळ आहे की नाही ते बघून घ्यायचं, गप्पा मारायच्या नाहीत. अखबोर त्याच्याकडे रोजगारी म्हणून आला तेव्हा वीस वर्षांचा होता. आता चाळिशी उलटली होती. आईबाप कधीच गेले होते, टोळी नव्हती, नावामागे लावायला बापाचं नाव नव्हतं. अखबोर म्हणजे उंदीर; आईने नाव ठेवलं उंदराचं, आणि देह झाला बैलाचा.

इथ्रानला मूल नव्हतं. त्याच्या नावावर एकच गोष्ट होती, ऐन जवानीत स्वतः खणलेली विहीर. उन्हाळ्यात आसपासच्या सगळ्या विहिरी आटल्या तरी तिला पाणी असायचं. इथ्राननंतर ती जवळच्या रक्ताला जाणार, म्हणजे पुतण्या शफोला. शफोने आयुष्यात एक टोपली माती वर ओढली नव्हती, पण काकाच्या खोकल्याची चौकशी करायला तो रोज यायचा.

एके दिवशी भाकरी मोडता मोडता इथ्रान म्हणाला, "अखबोर, तुला मांडीवर घेतो."

अखबोरच्या हातातला कांदा तसाच राहिला. "धनी, माझी चाळिशी उलटली."

"मग काय झालं? मांडीवर घेतल्याशिवाय मुलगा होत नाही. मुलगा झाल्याशिवाय आशीर्वाद देता येत नाही. आशीर्वादाशिवाय विहीर शफोच्या घशात."

"पण मी बसलो तर तुमच्या मांड्या राहतील का?"

इथ्रानची बायको माखा चुलीपासून म्हणाली, "तशाही त्या आता काय कामाच्या आहेत! बस बाबा, बस."

रीत सगळ्यांना ठाऊक होती. तळावरच्या म्हाताऱ्यांसमोर मांडीवर बसायचं. मग मुलाने स्वतःच्या कमाईचं मांस बापाला खाऊ घालायचं. जेवून तृप्त झाला की बापाने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, शेवटी देवाचं नाव घ्यायचं. देवाचं नाव घेईपर्यंत ते नुसते शब्द. नाव घेतलं की शिक्का बसला. मग तो परत घेता येत नाही, आणि एका माणसाकडे वारसाचा आशीर्वाद एकच असतो.

इथ्रान आपल्या कळपातलं करडू देईना. "माझंच मांस मला खाऊ घालून माझा मुलगा होतोस? कमवून आण."

अखबोर गरारला गेला. तिथल्या एका धान्यवाल्याची विहीर कुणी दगडमातीने बुजवली होती. बुजवलेली विहीर उपसणं नवी खणण्यापेक्षा वाईट. नव्या जमिनीत माती माहीत असते, इथे कुठला दगड कशावर टेकलाय ते कळत नाही. एक चुकीचा काढला की दहा अंगावर. अखबोरने दोन महिने एकेक दगड हलवून, कान देऊन, मग दोरीला बांधला. पाठीची सालटी गेली. सोबतीला घेतलेला गडी आठव्या दिवशी पळाला. शेवटी पाणी लागलं तेव्हा धान्यवाल्याने मजुरी म्हणून कळपातला पसंतीचा बोकड घ्यायला सांगितलं. अखबोरने करड्या कानांचा, भरल्या अंगाचा एक निवडला आणि तीन दिवस चालत आणला. चढावर तो थकला की अखबोर त्याला खांद्यावर घ्यायचा.

ठरलेल्या दिवशी पहाटे त्याने बोकड इथ्रानच्या तंबूतल्या खुंट्याला आपल्याच दोरीने बांधला आणि विहिरीतला गाळ काढायला गेला. म्हातारे दुपारी यायचे होते. तोवर हात रिकामे ठेवणं त्याला जमत नव्हतं.

परत आला तर माखा तंबूबाहेर बसली होती. डोक्यावरचं वस्त्र तोंडात कोंबलेलं, खांदे हलत होते. अखबोरने गाळाची टोपली तिथेच टाकली.

"काकू! धनी...?"

"धनी ठणठणीत आहेत." तिने डोळे पुसले. तेव्हा कळलं की ती हसत होती. "बोकडही ठणठणीत आहे. तोच तर घोळ झालाय."

आत इथ्रान मान खाली घालून बसला होता. बोकड त्याच्या गुडघ्यापाशी बसून त्याच्या बाहीचं टोक चावत होता.

"शब्द एकदाच बाहेर पडतात," इथ्रान म्हणाला. "चुकले की चुकले. म्हणून म्हटलं, आधी म्हणून बघावेत. नावापाशी थांबायचं, एवढंच."

"मग?"

"इतकं सुरेख जमत गेलं, अखबोर, की थांबताच आलं नाही."

"आणि हात?"

"गुडघ्यावर होता. यानेच डोकं आणून खाली घातलं. कानामागे खाजवून हवं होतं मेल्याला."

हे कुणाला कळलंही नसतं. पण बोकड कापायला पुतण्यालाच बोलावलं होतं, आणि शफो तंबूमागे बसून सुरीला धार लावत होता. त्याने शब्द न् शब्द ऐकला होता. म्हातारे जमले तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे उभा.

थोरला म्हातारा बिल्हान म्हणाला, "काय म्हणालास इथ्रान? जसंच्या तसं सांग."

इथ्रान पुटपुटला, "तू पाय ठेवशील तिथे ओल लागो. तुझी पोरंबाळं या रानात मावू नयेत. ही विहीर तुझी आणि तुझ्या वंशाची. तुझ्याआधी तिचं पाणी कुणी पिऊ नये आणि भाऊबंदांनी तुझ्यामागे उभं राहावं."

"आणि नाव?"

"घेतलं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बिल्हानने तिकडे रोखून पाहिलं, पण त्याचीही दाढी हलत होती.

"हसायचं काही नाही," शफो म्हणाला. "आशीर्वाद संपला. काकांकडे दुसरा नाही. आता हा गडी मांडीवर बसो नाही तर डोक्यावर, त्याला द्यायला काही उरलेलं नाही. बोकड कापू, जेवू, आणि विहीर माझ्या नावाची धरू."

"काप ना," बिल्हान म्हणाला. "ज्याच्यावर देवाचं नाव घेतलं गेलंय त्याच्यावर सुरी चालवून दाखव. आम्ही जरा लांब उभे राहतो."

शफोने सुरी खाली ठेवली. फार जपून ठेवली.

अखबोरच्या डोक्यात विचार यायला वेळ लागायचा, पण एकदा आला की तो त्याला दगडासारखा चारी बाजूंनी चाचपायचा. वीस वर्षं ज्या विहिरीचा गाळ काढला ती हातची चालली होती. त्याहून वाईट म्हणजे, 'बाबा' हा शब्द त्याने गरारच्या वाटेवर मनात इतक्यांदा म्हणून पाहिला होता, तो तसाच राहणार होता.

"शफो," तो म्हणाला, "आशीर्वाद नक्की बोकडालाच लागला ना?"

"नक्की. मी या कानांनी ऐकलंय."

"म्हणजे विहीर बोकडाची."

"बोकडाची! तुझी नाही."

"सगळ्यांसमोर सांगतोस?"

"शपथेवर सांगतो. विहीर बोकडाला गेली."

अखबोर वाकला आणि बोकडाच्या गळ्यातल्या दोरीचं टोक हातात घेतलं. "ही दोरी मी वळलेली आहे. बोकड माझ्या मजुरीचा आहे. धन्यांनी अजून त्याचा एक घास खाल्लेला नाही, म्हणजे मी तो दिलेला नाही. मग बोकडाचं जे काही आहे ते कुणाचं?"

माखाच आधी हसली, आणि मग सगळा तळ. बिल्हान गुडघ्यावर थापा मारत म्हणाला, "दासाला मिळालं ते धन्याचं, तर जनावराला मिळालं ते मालकाचं! शफो, तूच शपथ घेतलीस रे!"

"पण हा अजून मुलगा नाही!" शफो ओरडला.

"त्याची सोय करतो," म्हणत इथ्रानने मांडी थोपटली. "ये."

अखबोर बसला. म्हणजे टेकला. सगळा भार त्याने स्वतःच्या पायांवर तोलून धरला होता, विहिरीच्या भिंतीला पाय लावून तोलतात तसा.

"नीट बस," इथ्रान म्हणाला. "अर्धवट काम मला चालत नाही, माहीत आहे तुला."

अखबोरने भार सोडला. इथ्रानच्या तोंडून मोठा हुंकार निघाला, डोळे पांढरे झाले, पण हात त्याने अखबोरच्या कमरेभोवती घट्ट धरले.

"बाबा," अखबोर म्हणाला, "दुखतंय का?"

"गप्प बस जरा," इथ्रान म्हणाला. "बसून राहा."

मांस नव्हतंच. माखाने मसूर शिजवले, भाकऱ्या केल्या, आणि सगळ्यांनी कांद्याबरोबर त्या चापून खाल्ल्या.

बोकड पुढे अकरा वर्षं जगला. त्याच्या वंशाने रान खरोखर भरून टाकलं. बैरशेबाच्या बाजूला आज करड्या कानांची शेळी दिसली तर ती कुणाची हे विचारावं लागत नाही. रोज सकाळी विहिरीवर पहिलं पाणी बोकडाला मिळायचं, आणि शफो आपला कळप घेऊन त्याच्यामागे उभा असायचा. गरारच्या त्या दोन महिन्यांचं, सालटी गेलेल्या पाठीचं अखबोरला मिळालं ते एवढंच, कधीच कापता न आलेला एक बोकड. त्याचं पोहऱ्यातलं पाणी पिऊन होईपर्यंत अखबोर दोरी धरून उभा राहायचा आणि मग हाक मारायचा, "बाबा, झालं याचं. तुम्ही या आता."