बाहेरचं सामान आत घ्या

जबलपूरच्या विजय नगरमध्ये एका खाजगी हवामान कंपनीत प्रणोती वैरागडे उपग्रहाची चित्रं वाचायची. गोदामवाले, बिल्डर आणि बरेच साधे लोक कंपनीचे इशारे मोबाईलवर घेत. फॅक्टरीतून रिटायर झालेले तिचे सासरे जगन्नाथराव त्यांतलेच. सुनेचा मेसेज आला की ते तो मोठ्यानं वाचून सासूबाईंना ऐकवायचे.

मार्चमधल्या त्या दुपारी बाहेर कडक ऊन होतं. पडद्यावर मात्र पश्चिमेकडून थंड हवा पुढे सरकत होती आणि तिच्या तोंडाशी, दमोहपासून नरसिंहपूरपर्यंत, ढगांची रांग उभी राहत होती. सकाळी नुसते सुटे ठिपके होते. आता प्रत्येक नव्या चित्रात ते फुगत होते, एकमेकांना चिकटत होते. ढगांचे माथे झपाट्यानं थंड होत होते, म्हणजे ढग उंच चढत होते. एका माथ्यावर प्रणोतीला टेंगूळ आलेलं दिसलं. म्हणजे आतली हवा भयंकर जोरानं वर फेकली जात होती.

"आलोक, ही रांग विरत नाही. सरळ आपल्यावर येऊन राहिली," ती सहकाऱ्याला म्हणाली.

"मग पाठव ना. वाट काहून पाहतेस?"

कंपनीचा मजकूर ठरलेला होता: बाहेरचं सामान आत घ्या, विजा आणि गारांचा धोका आहे, घरातच थांबा. तिनं तो पाठवला आणि पुढच्या चित्राकडे वळली.

थोड्या वेळानं शेजारणीचा फोन आला. "दीदी, जल्दी आओ. अंकल छत पर..."

सासूबाई अनसूयाबाईंनी कुरडया गच्चीवर वाळत घातल्या होत्या. मेसेज वाचून जगन्नाथराव म्हणाले होते, "सूनबाई म्हणते सामान आत घ्या. कुरडया घेऊन येतो." डोक्यावर अजून निळं आभाळ होतं. पावसाचा थेंब पडायच्या आधीच वीज पडली.

तेरवी झाल्यावर अनसूयाबाईंनी विचारलं, "तुला दिसून राहिलं होतं ना? मग घरी एक फोन काहून नाही केला?"

"मेसेज गेला होता, आई."

"हो. मेसेज गेला होता," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

कामावर परतल्यावर प्रणोतीनं सामानाचं वाक्य काढून टाकलं. आलोक म्हणाला, "गोदामवाले त्याच वाक्यासाठी पैसे देतात गं." तिनं ऐकलं नाही. एप्रिलमध्ये पुन्हा तशी रांग उठली, तेव्हा तिनं लिहिलं: आत जा, काहीही आणायला बाहेर पडू नका. त्या वादळात एका व्यापाऱ्याचा उघड्यावरचा गहू भिजला. साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि जुना मजकूर परत घालायला सांगितलं.

"नाही घालणार, सर."

त्या महिन्याअखेरीस तिची नोकरी गेली. घरी तिनं सासूबाईंना कारणासकट सांगितलं, तेव्हा त्यांनी तिच्या ताटात भाकरी वाढली. मग आपलं ताट घेऊन त्या तिच्याशेजारी बसल्या.