पोटावरचा हात

फॅमिली डॉक्टरच्या परवान्याची परीक्षा मी दुसऱ्यांदा देत होते. स्क्रीनवर प्रश्न होता : चाळिशीतली बाई, ताप, जेवणानंतर पोटात दुखतं. चारही उत्तरं मला बरोबर वाटत होती आणि कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं. सहज नजर बाजूला गेली, तर शेजारच्या खुर्चीतल्या बाई डोळे मिटून स्वतःच्याच पोटावर बोटं दाबत होत्या. आधी बेंबीपाशी, मग सावकाश उजवीकडे, बरगडीखाली.

आजार अक्षरांत नसतोच, कोणाच्या तरी अंगात असतो. मीही बरगडीखाली बोटं रुतवून खोल श्वास घेतला, आणि स्क्रीनवरची ती बाई मला कण्हताना दिसली. पित्ताशय! मी उत्तर नोंदवलं. पुढच्या प्रत्येक प्रश्नातल्या माणसाला आधी मनातल्या मनात समोर बसवलं.

बाहेर आल्यावर त्या बाईंना विचारलं, "मघाशी पोट दुखत होतं का तुमचं?"

त्या हसल्या. "छे हो! नुसतं वाचून काही सुचेना, म्हणून पेशंट तपासत होते."

निकाल अजून लागायचा आहे. नापास झाले, तर तिसऱ्यांदा बसेन. डॉक्टरकी मला येते, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही.