पूजेतल्या साखळ्या

माझ्या गॅरेजात खंडेनवमीला पाने, हातोडे, जॅक धुऊन पाटावर मांडतात. दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्या वर्षी बंद गाड्या आणायच्या ट्रेलरच्या दोन साखळ्याही मी पूजेत ठेवल्या. हुक निसटला तरी ट्रेलर ओढणाऱ्या जीपला धरून राहावा म्हणून त्या असतात. त्यांच्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर काढायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी फोन आला. फर्दापूरला एक कार बंद पडली होती, ती उचलून आणायची होती. आमच्या वयस्कर ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. त्यांनी विचारलं, “शेठ, साखळ्या घिऊ का?”

“हळदकुंकू वाहिलंय. उद्या उचलू.”

“देवाला चालंल. रस्त्याला चालंल का?”

“मामा, मला कायदा शिकवू नका. हळू आणा.”

मामांनी कार ट्रेलरवर चढवली, चारही चाकं पट्ट्यांनी आवळली, मागचे दिवे तपासले आणि सावकाश निघाले. सिल्लोड ओलांडल्यावर एका गतिरोधकावर हुक उसळून निघाला. कारसकट ट्रेलर रस्त्याकडेच्या रसवंतीत घुसला. चरकापाशी बसलेल्या रसवंतीवाल्याचे दोन्ही पाय त्याखाली चिरडले.

मी पोचलो तेव्हा लोक मामांना उसांनी झोडपत होते. ऊस मोडला की दुसरा घेत होते. एकानं केस धरून त्यांचं तोंड बॉनेटवर आपटलं. दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. “याचा मालक कोण आहे?” कुणीतरी विचारलं. मी पुढं झालो आणि मामांच्या त्याच तोंडावर मारलं. “साखळ्या लावायला सांगितलं होतं ना?” लोक बाजूला झाले. मी आणखी दोनदा मारलं.

ठाण्यात फौजदारांनी विचारलं, साखळ्या का नव्हत्या? मामांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत होतो.

“इसरलो, साहेब,” ते म्हणाले. माझ्या जबाबातही मी तेच लिहून दिलं.

रसवंतीवाल्याचे पाय गुडघ्यापासून काढावे लागले. खटला मामांवर चालू आहे. सोमवारी माझी साक्ष आहे. खरं बोललात तर आरोपी व्हाल, असं वकील म्हणतात. तरी मी खरंच बोलणार आहे. काल मामांच्या गावी, देवगाव रंगारीला जाऊन त्यांना तसं सांगितलं. ते गोठ्यात शेण काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला कशाला सांगायलात? ज्याचे पाय गेले त्याला सांगा आधी.”

मी अजून गेलेलो नाही. तो हल्ली दारात खाटेवर बसलेला असतो, एवढंच मला ठाऊक आहे. आज निघतोय.